खो-खो सगळ्यांनाच येतो!

'खो-खो ना? आम्हीपण खेळायचो की शाळेत!'

खो-खोच्या चाहत्याला हे जन्मभर ऐकावं लागतं. पुढे कोणी काही विचारत नाही. क्रिकेटही सगळेच गल्लीत खेळलेत. म्हणून कोणी कसोटी बघायचं सोडलं का?

हा खेळ कुणाला माहीत नाही, ही अडचणच नव्हे. तो सगळ्यांना अर्धाच माहीत आहे.

कौतुकही ठरलेलं. 'आपल्या मातीतला रांगडा खेळ!' मोठ्या स्पर्धा मातीवरून मॅटवर गेल्या, तरी भाषणांतली माती काही हलत नाही. आणि रांगडा? नुसत्या स्पर्शाने गडी बाद होतो, त्यात रांगडं काय आहे?

जरा नियम बघा. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की उलटं फिरायचं नाही. मधली पाटी ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र सगळं मैदान मोकळं. म्हणजे ज्याने पकडायचं, त्याच्याच पायात बेड्या!

मग तो पकडतो कसा? पाटीवर बसलेल्या आठ जणांच्या जिवावर. एकाआड एक, विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. कोणाला खो द्यायचा, कधी द्यायचा, हे धावता धावता ठरवायचं. क्षणभर उशीर झाला की पळणारा दोघांच्या मधून पलीकडे. खो मिळण्याआधी बसलेला उठला की फाऊल. नुसत्या वेगाचा खेळ असता, तर शंभर मीटरवाल्यांनी कधीच जिंकला असता.

पळणाराही नुसता पळत नाही. साखळी धरून नागमोडी जातो, समोरच्याला एका लयीची सवय लावतो आणि नेमकी तीच लय मोडतो. आक्रमक खांबाला हात घालून अख्खं अंग बाहेर झोकतो, तेव्हा याने कंबरेतून एवढीशी हुलकावणी दिलेली असते. बोट आणि पाठ यांत वीतभर अंतर उरतं.

त्या वीतभर अंतरासाठी आम्ही सामन्याला जातो.

दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं? 'दोन मिनिटे संरक्षण, तीन गडी बाद.' संपलं. नऊ जणांच्या तावडीतून, २७ बाय १६ मीटरच्या मैदानात दोन मिनिटं सुटत राहणं म्हणजे काय, हे कोणी लिहायचं?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिलाही जिंकल्या, पुरुषही. दोन्ही अंतिम सामने नेपाळशी. दोन्ही कर्णधार मराठी: प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर.

त्या आठवड्यात तुमच्या घरात चर्चा कशाची होती?

'समोरचे संघ कच्चे होते हो.' बरेचसे होते, मान्य. खेळ जगात पोचायला अजून वेळ आहे. पण मग राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र आणि रेल्वे भिडतात, तेव्हा तुम्ही कुठे असता? तिथे तर कोणी कच्चं नसतं.

२०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. जुन्याजाणत्यांनी नाकं मुरडली. पाठलाग करणाऱ्यांतला खास गडी, 'वझीर', हवा तसा दिशा बदलतो, हा कसला खो-खो? मलाही मूळ बेड्याच जास्त आवडतात. तरी टीव्हीवर स्लो मोशनमध्ये ती हुलकावणी दिसली, हे या लीगचं मोठं काम.

धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. अशी मुलगी घडते ती गावातल्या प्रशिक्षकामुळे, संध्याकाळी न चुकता भरणाऱ्या सरावामुळे. आणि शहरातले आपण? पोराला दहावीचे सवलतीचे गुण मिळेपर्यंत खेळवतो. गुण पदरात पडले की बूट माळ्यावर!

मग विचारतो, या खेळात पुढे भवितव्य काय?

तेव्हा मातीचा अभिमान राहू द्या. जिल्ह्यात राज्य अजिंक्यपद स्पर्धा आली की एक डाव बघायला या. पळणाऱ्याकडे सगळेच बघतात. तुम्ही पाटीवर बसलेल्यांच्या टाचांकडे बघा. पुढचा खो कुठे पडणार, हे तिथे आधी कळतं.