नावडत्या ‘ड्रॅक्युला’चे पुनर्वाचन : पूर्वतयारी, विधी आणि पथ्ये

एकदा वाचून नापसंत ठरलेली भयकादंबरी पुन्हा हाती घेणे हे जोखमीचे कार्य असल्याने ते यथाविधी पार पाडावे लागते, आणि त्यासाठी ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅक्युला’इतके सोयीचे पुस्तक दुसरे नाही, कारण ते नावडलेल्यांची संख्या ते न वाचताच आवडलेल्यांच्या खालोखाल असावी. पुनर्वाचन म्हणजे जुना निकाल स्थगित ठेवून त्याच पुराव्याची नव्याने केलेली छाननी होय; केवळ पाने पुन्हा उलटणे या व्याख्येत बसत नाही.

प्रथम चित्तशुद्धी करावी. सूर्यप्रकाश पडताच पिशाच नष्ट होते हा संस्कार 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटातून आलेला आहे. कादंबरीतले पिशाच, म्हणजे काउंट ड्रॅक्युला, लंडनमध्ये भर दिवसा फिरते आणि शेवटी त्याचा अंत छातीत ठोकलेल्या खुंटीने होत नाही, तर गळ्यावर फिरलेल्या कुकरीने व हृदयात घुसलेल्या सुऱ्याने होतो. हे आधीच मान्य केले, म्हणजे अपेक्षाभंगाचा निम्मा भार उतरतो.

वाचनाची वेळ मध्यरात्रीची नसावी. सकाळी अकराच्या सुमारास, मेजावर वही, टाचण्या आणि धारदार पेन्सिल मांडून, कचेरीच्या शिस्तीने बसावे, कारण ही कादंबरी मुळात कारकुनांची आहे, आणि पहिल्या वाचनात बहुतेकांचे जे चुकते ते नेमके हेच. स्टोकर स्वतः आयर्लंडच्या सरकारी नोकरीत होते आणि तेथील कनिष्ठ न्यायालयांच्या कारकुनांसाठी त्यांनी लिहिलेली कर्तव्यांची मार्गदर्शिका 1879 साली प्रसिद्ध झाली. त्या मार्गदर्शिकेची धाकटी, जरा रक्ताळलेली बहीण म्हणून ‘ड्रॅक्युला’कडे पाहिले, की तिचे सौंदर्य उलगडू लागते. काउंटच्या दुर्गाकडे कामासाठी निघालेला तरुण वकील जोनाथन हार्कर याच्या रोजनिशीत आरंभीच नोंद आहे ती रेल्वे तासभर उशिरा पोहोचल्याची, आणि पाठोपाठ तिखट कोंबडीची पाककृती घरी न्यायची असल्याची. दुर्गात पोहोचल्यावर काउंटही कोचावर पडून इंग्लंडच्या रेल्वेचे वेळापत्रक वाचताना सापडतो. लोक अशा मजकुरावरून घाईने पुढे सरकतात आणि मग भीती वाटली नाही अशी तक्रार करतात.

चौथ्या प्रकरणानंतर काउंट जवळजवळ दिसेनासा होतो, ही सर्वांत जुनी तक्रार होय. तिच्यावरचा उपाय असा, की उरलेल्या तेवीस प्रकरणांत काउंटचा शोध न घेता कागदांचा घ्यावा. काउंटने इंग्लंडला आणलेल्या, मातीने भरलेल्या पन्नास पेट्या कोणत्या वाहतूकदाराने कोठे उतरवल्या, हे पावत्या चाळून आणि तहानलेल्या गाडीवानांना बिअर पाजून शोधले जाते. त्यांतल्या एकोणपन्नास निकामी होतात, एक जहाजाने निसटते, आणि पुढचा सारा पाठलाग त्या एका पेटीच्या हिशेबासाठी चालतो. पाठलाग करणाऱ्यांपैकी डॉक्टर सेवर्ड महिनोन्‌महिने फोनोग्राफवर, म्हणजे मेणाच्या नळकांड्यांवर आवाज कोरणाऱ्या यंत्रावर, रोजनिशी बोलून ठेवतात, पण हवा तो भाग पुन्हा कसा काढायचा हे त्यांना सुचलेलेच नसते. लघुलिपी आणि टंकलेखन जाणणारी हार्करची पत्नी मिना ते सारे कागदावर उतरवते आणि तारीखवार लावते. काउंट येऊन हस्तलिखित व नळकांडी जाळतो, परंतु दुसरी प्रत तिजोरीत असते. नक्कल काढून ठेवण्याच्या सवयीपुढे एवढे प्राचीन पिशाच हतबल व्हावे, असा प्रसंग भयसाहित्यात क्वचितच आढळेल.

काही पथ्येही पाळावीत. पाठलागाचे म्होरके व्हॅन हेलसिंग यांची मोडक्या इंग्रजीतली प्रदीर्घ भाषणे एका बैठकीत एकाहून अधिक घेऊ नयेत. काउंटने रक्त शोषलेल्या ल्यूसीला चार निरनिराळ्या पुरुषांचे रक्त दिले जाते तेव्हा वाचकाने शांत राहावे, कारण रक्तगटांचा शोध लँडस्टायनर यांनी 1901 साली जाहीर केला आणि तोवर डॉक्टरांना दोष देता येत नाही. खरे भय मात्र रक्त देण्याच्या त्या प्रकरणांतच आहे, काउंटच्या सुळ्यांत नाही, असे मत येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

एवढे करूनही नावड कायम राहिली, तर ती दिनांकासह लेखी नोंदवावी, तिच्या तीन प्रती काढाव्यात आणि एक प्रत तिजोरीत ठेवावी.