पाणी घातलंस का?

आमच्या घरात झाड तहानेनं मेल्याचं उदाहरण नाही. जी गेली ती बुडून गेली. गॅलरी जेमतेम दोन खुर्च्यांची. त्या खुर्च्या कधीच्याच माळ्यावर गेल्या आणि त्यांच्या जागी कुंड्या आल्या. त्यांना पाणी घालण्याचं काम कुणा एकाचं नाही, त्यामुळे ते सगळेच करतात. आई सकाळी तुळशीला पाणी घालते आणि तांब्यात उरलेलं जास्वंदीला देते, कारण भरलेलं पाणी परत ओतून द्यायचं नसतं. बायको आंघोळीनंतर एक फेरी मारते. मुलगा कॉलेजातून आला की अर्धी प्यायलेली बाटली मनीप्लँटमध्ये उपडी करतो आणि पर्यावरणासाठी काहीतरी केल्याच्या समाधानात झोपतो. रात्री मी. शिवाय आले-गेले आहेतच. दारात चपला काढता काढता पाहुणे म्हणतात, "यानं मान टाकलीय हो. पाणी घालता ना?"

खरी मेख इथेच आहे. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की तिच्यातली हवा जाते, मुळं कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणजे गळ्यापर्यंत पाण्यात उभं असलेलं झाडसुद्धा तहानलेल्यासारखीच मान टाकतं. ते पाहून कुणाचं तरी काळीज कळवळतं आणि आणखी एक तांब्या ओतला जातो. माणसाच्या बाबतीत असं घडलं असतं तर पंचनामा झाला असता. उपाय अगदी सोपा आहे. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं आणि ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. हा उपाय मी घरात जाहीर केला. आता सगळे बोट खुपसतात, "ओल आहे" म्हणतात आणि थोडंसंच घालतात.

कोणत्या महिन्यात काय करावं हे बागकामाच्या पुस्तकांत छापलेलं असतं. आमच्यासारख्यांसाठी, कोणत्या महिन्यात कशाला हात लावू नये, असं एखादं पंचांग कुणीतरी काढायला हवं.

वर्षाची सुरुवात अर्थात मृगापासून. साधारण ७ जूनला मृग लागतो. यंदा नक्षत्राचं वाहन काय, ते आई पंचांगात बघते. हत्ती किंवा बेडूक असला तर तिचा चेहरा खुलतो. कोल्हा किंवा मेंढा निघाला तर ती त्या दिवसापासून पाणी जपून वापरते, झाडांचं सोडून. बायको नर्सरीत जाते. नर्सरीवाल्याच्या तोंडी प्रत्येक रोप 'बारमाही' असतं, आणि ते खरंही असतं. त्याच्याकडे असेपर्यंत ते बारा महिने फुलतं. रोपाबरोबर तो लाल माती देतो. ती एका पावसात थापली जाते आणि उन्हात तडकते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक, पण 'प्रयोग परिवार' उभारून त्यांनी लोकांना पाचोळ्यापासून भुसभुशीत माती करायला आणि गच्चीवर भाज्या पिकवायला लावलं. झाड म्हणजे पानांनी उन्हाची कमाई करणारा जीव, हा त्यांचा हिशेब. आमच्याकडे हे कुणाला पटवायचं म्हणजे आधी पाचोळा म्हणजे कचरा नव्हे हे आईला पटवायचं. तिनं आयुष्यभर अंगण झाडलंय. मी कुंडीत टाकलेली पानं ती सकाळी वेचून काढते.

पावसात कुंडीखालच्या ताटल्या काढायच्या, एवढं एकच काम खरं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. महापालिकेची माणसं बॅटरी घेऊन तपासायला येतात. ताटल्या काढल्या की पाणी खालच्या गॅलरीत टपकतं. तिथे काकांचे कपडे वाळत असतात. म्हणजे वर डास किंवा खाली काका, यातलं एक निवडायचं.

जुलै-ऑगस्टमध्ये ब्रह्मकमळ. हे प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. त्याची कळी वाकडी मान वर उचलायला लागली की समजायचं, आता दोन-तीन रात्रींचा प्रश्न. नेमकी रात्र कळली की सोसायटीच्या ग्रुपवर निरोप जातो. साडेआठनंतर पाकळ्या सुटायला लागतात, घमघमाट जिन्यापर्यंत जातो आणि एरवी लिफ्टमध्ये भेटले तर मोबाइलमध्ये डोकं घालणारे लोक आमच्या दिवाणखान्यात मांडी घालून बसतात. निरांजन येतं, हळदकुंकू येतं, कुणीतरी स्तोत्र म्हणतं. एकदा एक निवृत्त वनस्पतिशास्त्राचे सर आले होते. त्यांनी फुलाला नमस्कार करून सावकाश सांगितलं, की खरं ब्रह्मकमळ हिमालयात उगवतं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडाचं राज्यपुष्प. हा आपला निवडुंग आहे, मूळचा मेक्सिकोकडचा. ड्रॅगनफ्रूटचा भाऊबंद. आपण ज्याला पान म्हणतो तो खरं तर चपटा झालेला दांडा. रात्री फुलतो तो ब्रह्मदेवासाठी नव्हे, पतंगांसाठी.

क्षणभर शांतता पसरली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "मेक्सिकोचा असेना का! मिरची तरी कुठली आपली? तिला ओवाळत नाही आपण, एवढंच." आणि आरती पुढे सुरू झाली. सरांना पेढा दुप्पट मिळाला.

मला यातलं नवल वेगळंच वाटतं. हे झाड टाकीच्या मागे आहे. कुंडी लहान, माती कोरडी, ऊन अर्धवट, आणि तिथे कुणाचाही हात पोहोचत नाही. घरातलं हे सगळ्यात दुर्लक्षित झाड, आणि वर्षातून एकदा त्याचीच पूजा होते. त्याला आणखी काही हवंच नसतं. एक 'पान' तोडून, जखम सुकू देऊन मातीत खोचलं की दुसरं झाड तयार. आम्ही इमारतीत इतकी पानं वाटलीत की आता श्रावणात एकाच रात्री तीन घरांत ब्रह्मकमळ फुलतं आणि पेढ्यांचं जमत नाही.

गणपतीत जास्वंद आपली नसते. पहाटे फिरायला जाणारी मंडळी पांढरे बूट आणि काळी पिशवी घेऊन निघतात, काहींकडे छत्रीची वाकडी मूठ असते. पकडलं तर म्हणतात, "देवासाठीच नेतोय." पुढे बोलायला जागा राहत नाही. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला मात्र देवासाठीसुद्धा कुणी नेत नाही. त्यावर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब घालून फवारायचं, पानांच्या खालच्या बाजूनं, आणि दर आठवड्याला, चिकाटीनं.

ऑक्टोबरात पाऊस सरला की गुलाब छाटायचा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. छाटणीच्या दिवशी आई देवघरात जाऊन बसते, तिला बघवत नाही.

शेवंतीची गोष्ट मात्र आमच्या वॉर्डातल्या राजकारणाइतकी गुंतागुंतीची आहे. जुलैत लावलेल्या काड्या जोमानं वाढल्या, ऑगस्टपर्यंत शेंडे खुडले, झाडं गच्च झाली. दसरा गेला, दिवाळी गेली, कळीचा पत्ता नाही. प्रत्येकानं आपापलं निदान केलं. बायकोनं शेणखत दिलं, मुलानं यूट्यूबवर पाहून केळीच्या सालींचं पाणी दिलं, आईनं नजर काढली. पलीकडच्या, अंधाऱ्या बाजूच्या गॅलरीत त्याच काड्यांची शेवंती पिवळीधमक. कारण आमच्या गॅलरीसमोरच सोसायटीनं चोरांसाठी नवा एलईडी दिवा लावला होता. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. लांब आणि सलग रात्र मिळाली की ती कळ्या धरते, आणि मध्ये उजेड पडला की तिच्या लेखी अजून उन्हाळाच चालू असतो. फुलशेती करणारे याचा धंद्यात उपयोग करतात. दिवे लावून फुलं लांबवतात, काळं कापड घालून अलीकडे आणतात. आम्हीही रोज संध्याकाळी कुंडीवर काळं कापड घालायला लागलो. एका सभासदानं ते पाहून ग्रुपवर विचारलं, "वरच्या मजल्यावर काही दुःखद घडलं आहे का?"

थंडीत मेथी-कोथिंबीर. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, म्हणून उतावळ्या माणसांनी मेथीच लावावी. कोथिंबीर हा संयमाचा विषय आहे: धणे हलके रगडून दोन फाका करून पेरायचे आणि आठ-दहा दिवस कुंडीकडे बघायचं नाही. आमच्या मेथीचं एक थालीपीठ झालं, ते चौघांत प्रसादासारखं वाटलं. तेवढ्या मातीच्या पैशात मंडईतून वर्षाची मेथी आली असती, हे कुणी बोललं नाही. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन आलं की घरात नवा उत्साह येतो. एकदा त्यातूनच जीवामृत करायचं ठरलं. सुभाष पाळेकरांच्या कृतीत २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती लागते. आम्ही बादलीपुरता हिशेब काढला. आईनं बेसनाचा डबा माझ्या हातून काढून घेतला. "गूळ, बेसन? केळवण आहे का झाडांचं?"

मोगऱ्याला थंडीत विश्रांती हवी असते. पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची, मग छाटून, खत घालून पाणी सुरू करायचं की मार्चपासून कळ्या. लिहायला सोपं आहे. आई स्वतः चतुर्थी, एकादशी, नवरात्र सगळं करते, पण मोगऱ्याला एक उपास घडू देत नाही. मी कुंडी उचलून गच्चीवर नेली, तर ती गुडघे धरत जिना चढून गेली. परिणामी आमचा मोगरा बाराही महिने हिरवागार असतो. त्याच्या पानांचा गजरा होत नाही, एवढंच.

मे महिन्यात सगळे कोकणात जातो, आणि पाण्याचं काय, हा प्रश्न उभा राहतो. आईनं बाटल्या उपड्या खोचल्या, मुलानं वातींनी बादली जोडली, बायकोनं हिरवी जाळी बांधून कुंड्या सावलीला ओढल्या, आणि मी, आई पाठमोरी असताना, सगळीकडे पाचोळा पसरला. सुट्टीत इमारतीत एकच माणूस उरतो, ते म्हणजे खालचे काका. त्यांना किल्ली दिली.

परत आलो तर झाडं टवटवीत. जिथे काहीच नाही म्हणून आई दर वर्षी कोथिंबीर टाकते, त्या रिकाम्या कुंडीतून फुटबॉल लिलीचा लाल गोळा वर आला होता. बाटल्यांमुळे, वातींमुळे, जाळीमुळे, पाचोळ्यामुळे असं जिन्यातच सुरू झालं. शेवटी श्रेय काकांचंच, हे ठरवून बायको आंबापोळी घेऊन खाली गेली. "किती त्रास झाला हो तुम्हाला रोज पाणी घालायचा!"

"पाणी?" काका म्हणाले. "किल्ली तिथेच खुंटीला आहे. दोनदा वळीव पडून गेला, तेवढंच. बाकी आठ दिवस कपडे असे कडकडीत वाळले म्हणून सांगतो." आंबापोळी त्यांनी घेतली. आणि दिवाळीत कुठे जाताय, तेही विचारलं.