तरुण दिग्दर्शकाची यंत्रमीमांसा

चित्रपट आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या संबंधाविषयी तरुण मराठी दिग्दर्शकाची मते अभ्यासताना प्रथम ‘तरुण दिग्दर्शक’ या संज्ञेच्या सीमा आखून घेणे आवश्यक ठरते. ज्याचा एक लघुपट पूर्ण झाला आहे, दुसऱ्याचे संकलन अर्धवट आहे आणि ज्याच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचा निर्माता ‘पुढच्या महिन्यात बसू’ या अवस्थेत कायमचा स्थिरावला आहे, अशा व्यक्तीस ही संज्ञा लागू होते. वयाशी तिचा संबंध दुय्यम असल्यामुळे चाळिशी ओलांडलेले अनेक जणही तिच्यात निर्वेधपणे नांदतात. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे येथे मजकूर, चित्रे आणि ध्वनी यांच्या अफाट साठ्यावर पोसलेली, आणि ‘प्रॉम्प्ट’ म्हणजे साध्या भाषेतली लेखी फर्माईश मिळताच त्याच जातीचा नवा माल काढून देणारी संगणकप्रणाली, एवढाच अर्थ घ्यावयाचा आहे.

या दिग्दर्शकाचे मूलभूत मत असे, की चित्रपट ही आत्म्याची कला असून यंत्राला आत्मा नसतो. हे मत बारकाईने तपासले असता त्यात खातेवार फरक आढळतो. पोस्टर यंत्राने केले तर चालते, कारण चित्रकार पैसे मागतो. इंग्रजी सबटायटल्स यंत्राने केली तर चालतात, कारण महोत्सवाची मुदत रात्री बाराला संपणार असते. पार्श्वसंगीताचा कच्चा नमुनाही चालतो, आणि बहुधा तोच पुढे पक्का होतो. आत्म्याचा प्रश्न उद्भवतो तो थेट दिग्दर्शनापाशी येऊन. संकलकाकडे चौकशी केल्यास आत्मा संकलनात असल्याचे समजते, लेखकाकडे केल्यास पटकथेत. निर्मात्याच्या मते तो कोठेच नसल्यामुळे त्या सदराखालचा खर्च वाचवता येतो.

आत्मा पटकथेत असतो हे मत लेखकांनी नुसते बाळगले नाही. 2023 मध्ये हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी 148 दिवस संप केला आणि यंत्राचा मजकूर लेखकाच्या साहित्याच्या जागी धरला जाणार नाही, तसेच लेखकावर यंत्राची सक्ती करता येणार नाही, अशी कलमे करारात घालून घेतली; त्याच वर्षी नटांचा संप 118 दिवस चालला. तरुण दिग्दर्शकाने या संपाला दिलेला पाठिंबा अत्यंत ओघवत्या भाषेत होता. तो कोणी लिहून दिला, ही चर्चा येथे अप्रस्तुत आहे.

खरी अडचण अशी, की दिग्दर्शकाचे काम यंत्राला फर्माईश देण्याच्या कामाशी फारच मिळतेजुळते आहे. तो कॅमेरा धरत नाही, दिवे लावत नाही, अभिनय करत नाही. ‘जरा आणखी आतून येऊ दे’ असे म्हणून तो खुर्चीवर बसतो आणि काहीतरी येण्याची वाट पाहतो. फरक पडतो तो उत्तरात. यंत्र ही फर्माईश निमूट शिरोधार्य मानते, तर छायालेखक उन्हाकडे बोट दाखवून ‘वीस मिनिटांत सूर्य जाईल, आतून यायचे ते तेवढ्यात आणा’ असे बजावतो, नट ‘पण हा माणूस इथे रडेलच का?’ असे विचारतो, आणि स्पॉटदादा चहा देता देता मागचाच टेक बरा होता असे सुचवून जातो. चित्रपटात जे बरे उतरते ते पुष्कळदा या हुज्जतीतून उतरते, हे तरुण दिग्दर्शकाला मान्य नसते, निदान चित्रीकरण चालू असेपर्यंत तरी.

यंत्राविरुद्धच्या वादात तो दादासाहेब फाळके यांना साक्षीला बोलावतो, आणि हा साक्षीदार हमखास उलटतो. फाळके 1912 मध्ये लंडनला गेले ते त्या काळचे नवे यंत्र आणण्यासाठीच. विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर त्यांनी फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे साधनही आणले, आणि ते काम पत्नी सरस्वतीबाईंनी घरी केले. वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चौकटीने टिपून फाळके यांनी भांडवलदारालाही गार केले. असा मनुष्य कृत्रिम बुद्धिमत्तेपासून सोवळा राहिला असता, हे संभवत नाही. मात्र 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री-कलाकार मिळेनात, तेव्हा त्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती केले; यंत्राने क्षणात पन्नास तारामती दिल्या असत्या, सगळ्यांच्या गालांवर एकच तुकतुकी असती, आणि साळुंके उपाहारगृहातच राहिले असते. मग 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये याच एका माणसाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका करण्याचा अपूर्व योग कोठून आला असता? तो योग नडीपोटी जन्मला, आणि यंत्राकडे दुसरे सारे असले तरी नड नाही.

एका बाबतीत मात्र तरुण दिग्दर्शकाची भीती सर्वस्वी रास्त आहे. 2013 च्या ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती 2025 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाली, तेव्हा मूळ चित्रपटात शेवटी मरणारा नायक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने जिवंत ठेवण्यात आला, दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष यांनी जाहीर निषेध केला, आणि चित्रपट तसाच चालू राहिला. भारताच्या 1957 च्या प्रताधिकार कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याची व्याख्या केलेली आहे. म्हणजे आत्मा दिग्दर्शकाचा असला तरी सातबारा निर्मात्याच्या नावावर असतो. आत्म्यावर तासन्‌तास बोलणारा हा दिग्दर्शक करारावर सही करताना शेवटून दुसरे पान वाचत नाही, आणि यात यंत्राचा दोष काढता येत नाही.

शिवाय यंत्राला अद्याप न सुटलेले एक कोडे महाराष्ट्रात आहे. 2015 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना संध्याकाळी 6 ते 9 या वेळेत खेळ देण्याचे जाहीर केले, आणि थोड्याच दिवसांत ती सर्वोत्तम वेळ दुपारी 12 पासून रात्री 9 पर्यंत ऐसपैस पसरली. एका रात्रीत अख्खा चित्रपट निर्माण करणारी प्रणाली कदाचित येईलही, परंतु त्याच चित्रपटाला शनिवारचा सातचा खेळ मिळवून देणारी प्रणाली कोणाच्या दृष्टिपथात नाही. तोवर सुज्ञ वाचकांनी मराठी चित्रपटाला पहिल्याच आठवड्यात, मिळेल त्या आडवेळेचे, पण तिकीट काढून जावे.