एक किलो भाजणीचा धोका

देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी 15 किलो सामान फुकट जातं. काट्यावर 16 उमटले की काउंटरपलीकडचा चेहरा गंभीर होतो, कारण विमान धोक्यात आलेलं असतं. हा जादाचा किलो म्हणजे बहुधा थालिपिठाची भाजणी, पुण्याहून दिल्लीला लेकाकडे निघालेली. तिच्यापायी पाचशेच्या वर रुपये भरा, असं नम्रपणे सांगण्यात येतं. एवढ्यात दुसरी भाजणी दळून मिळेल आणि वर तूपही येईल. मग बॅग तिथेच फरशीवर उघडली जाते, रांगेतल्या समस्तांना टॉवेल-परकरांचं दर्शन घडतं आणि अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन पुड्या काकूंच्या लोकरी कोटाच्या दोन खिशांत रवाना होतात. महिना मे असला तरी कोट अंगात असतो, कारण काकू अनुभवी असतात. काटा 15 दाखवतो, चेहरा हसतो, विमान वाचतं.

आता हे विमान नेमकं कशानं वाचलं? भाजणी तर त्याच विमानात बसली आहे. तळघरातून उठून 14 एफवर आली, एवढंच. तिथे तिला कोणी विचारत नाही, कारण विमानाच्या वजनाचा हिशेब करताना प्रवाशाचं वजन सरसकट ठरावीक धरलं जातं. काकू पन्नास किलोच्या असोत की भाजणीसकट नव्वदच्या, कागदावर आकडा तोच. याच किलोचे पैसे आदल्या रात्री मोबाइलवरून भरले असते तर दर कमी पडला असता. म्हणजे भाजणी रात्री हलकी असते आणि सकाळी काउंटरपाशी जड होते. सुरक्षा तपासणीपलीकडच्या झगमगीत दुकानातून मिठाईचे चार डबे घेतले, तर ते बहुधा काट्याचं तोंडही न पाहता विमानात चढतात. आईनं भाजलेल्या धान्याला तेवढं वजन असतं, दुकानातल्या काजूकतलीला नसतं.

यावर जाणकार सांगतात की जादा वजनाला जादा इंधन लागतं. कबूल. ढोबळ हिशेबानं एक किलो जादा वजन तासाला तीसएक ग्रॅम इंधन खातं. पुणे-दिल्ली दोन तास धरले तरी हे दहा रुपयांच्या आतबाहेरचं प्रकरण आहे. उरलेले चारशे नव्वद रुपये कोणत्या टाकीत जातात? दुसरा मुद्दा हमालांच्या पाठीचा, आणि तो मात्र खरा आहे. म्हणूनच 32 किलोंवरची एक बॅग बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, ते योग्यच. पण त्याखालच्या जादा किलोला पैसे मोजले की तो उचलायला हलका होतो का? पाठ हमालाची दुखते आणि मलम भलत्याच्या खिशाला लागतं. तिसरा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो: तिकीट स्वस्त ठेवायचं तर जास्त नेणाऱ्यानं जास्त द्यावं, हलक्या प्रवाशावर भुर्दंड कशाला? उत्तम न्याय आहे. मग 12 किलो घेऊन आलेल्या त्या हलक्या प्रवाशाला तीन किलोंचे पैसे परत द्या की! ते राहू द्या, नवऱ्याची बॅग 12 आणि बायकोची 18 भरली, दोघांची मिळून बरोबर 30 झाली, तरी पीएनआर वेगळे असले तर तीन किलोंची पावती फाडली जाते. दोन्ही बॅगा एकाच विमानाच्या एकाच पोटात शेजारी-शेजारी झोपणार असतात. वजन हा मुद्दा असता तर ही बेरीज पहिलीतल्या पोरालाही जमली असती.

जास्त भरलं तर घ्यायचं आणि कमी भरलं तर द्यायचं नाही, याला तोलणं म्हणत नाहीत; याला वसुली म्हणतात. मुंबईतली जकात 2017 साली बंद झाली तेव्हा नाके उठले म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडला होता. ते नाके विमानतळावर वातानुकूलित जागेत हलले, हे कोणी सांगितलंच नाही. जुन्या नाक्यावर निदान वसुलीला वसुली म्हणायचे. इथे माणसाला पाचशे रुपयांना नागवायचं, त्याची बॅग चारचौघांत उघडायला लावायची आणि पावतीवर ‘सेवा’ छापायचं! दर हवा तर खुशाल लावा, पण आदल्या रात्रीचा आणि काउंटरवरचा एकच लावा आणि कमी नेणाऱ्याला त्याच दरानं परतावा द्या. हे जमणार नसेल, तर पावतीवर ‘दंड’ असं स्वच्छ लिहा आणि गुन्हा कोणता तेही खाली नमूद करा.