सोन्याचा नाग आणि बारा गिअर

नाशिकात रविवारी पहाटे दाढ दुखायला लागली तर ती दुपारपर्यंत दुखू द्यावी. शहरातले निम्मे डॉक्टर त्या वेळी घट्ट चड्ड्या घालून सायकलवर असतात. याला कारण महाजन बंधू. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे नाशिकचे दोघे भाऊ २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीनं, आलटून पालटून सायकल हाणत, नऊ दिवसांच्या आत पुरी करून आले. गावाची छाती फुगली ते योग्यच. पण तेव्हापासून इथल्या प्रत्येक डॉक्टरला आपल्याही मांड्यांत काहीतरी दडलंय असा संशय येऊ लागला.

आमचे दंतवैद्य मित्र त्यांपैकीच. फरक इतकाच की त्यांना डांबरी रस्त्याचा लवकर कंटाळा आला आणि त्यांनी डोंगरात चालवायची सायकल घेतली. जाड टायर, डिस्क ब्रेक, पुढे शॉकअप. किंमत त्यांनी घरी निम्मीच सांगितली आहे, म्हणून मीही इथं बोलत नाही. मला ते सोबत नेतात. मोहिमेत मागं राहणारं कुणी असल्याशिवाय पुढच्याला आपण पुढं आहोत हे कळत नाही, आणि त्या कामात माझा हात धरणारा दुसरा नाही.

बेत असा होता: पेठ नाक्यावरून निघायचं, पेठ रोडनं आशेवाडी, मग रामशेजच्या पायथ्यानं देहेरगडाच्या अंगाला आणि पुढं बोरगडच्या राखीव क्षेत्राच्या कडेनं परत. डिसेंबरची थंडी होती. रस्त्यालगतच्या द्राक्षबागांत घड कागदात गुंडाळायचं काम चाललं होतं. एका बागेत रद्दीची वर्तमानपत्रं वापरली होती. आदल्या महिन्यातले राजीनामे, बाजारभाव, वधू पाहिजे, सगळं वेलीला ओळीनं लटकलेलं. डॉक्टर तेवढ्यात एक राशिभविष्य वाचून आले. प्रवास टाळावा असं होतं, पण मागच्या महिन्यातलं.

वाटेत मी त्यांना या खेळाचा इतिहास ऐकवला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला टॅमलपायस नावाचा डोंगर आहे, तिथल्या पोरांनी जाड टायरच्या जुन्यापुराण्या सायकली डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. उतारावर मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर ते नव्यानं भरावं लागायचं. म्हणून १९७६ साली सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नावच ‘रिपॅक’ पडलं. माझा मुद्दा पुढचा होता. ही मंडळी वर जाताना बऱ्याचदा सायकली पिकअप गाडीत टाकून न्यायची. म्हणजे मूळ संस्थापकांच्या मते चढ हा सायकलचा विषयच नाही. डॉक्टरांनी गिअर बदलला आणि विषयही.

आशेवाडीत पाराजवळ पाणी प्यायला थांबलो. एक बाबा उठून आले आणि लग्नाच्या बैलजोडीभोवती फिरावं तसे डॉक्टरांच्या सायकलभोवती फिरले.

“केवढ्याला पडली?”

डॉक्टरांनी घरचा आकडा सांगितला.

“एवढ्यात स्प्लेंडर आली असती. स्टँड कुठंय?”

“नसतं याला.”

“कॅरियर?”

“नाही.”

“मडगार्ड?”

“नाही. वजन वाढतं ना, बाबा. घंटीसुद्धा काढून टाकलीय.”

बाबांनी डॉक्टरांच्या पोटाकडे एकवार शांतपणे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गिअर किती?”

“बारा.”

“आणि यांच्या सायकलला?”

“एकवीस,” मी म्हणालो. माझी सायकल पुतण्याची, त्याला दहावीला मिळालेली.

“मग तुम्हाला फसवलं की हो,” बाबा डॉक्टरांना कळवळून म्हणाले. पुढं एकच मोठी चकती असली की गिअर कमी लागतात, ते हलकं पडतं, महागही पडतं, हे डॉक्टरांनी पाच मिनिटं समजावलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि बिल असेल तर दुकानदाराला परत करा, असा सल्ला दिला.

आशेवाडीच्या डोक्यावर रामशेज उभा आहे. वनवासात रामानं इथं शेज केली म्हणून रामशेज, अशी श्रद्धा. पण हा किल्ला गाजला तो झोपेसाठी नव्हे. १६८२ साली औरंगजेबानं शहाबुद्दीन खानाला यावर धाडलं. किल्ला एवढासा, तास-दोन तासांत पडेल असा हिशेब. तो पाचेक वर्षं पडला नाही. गडावर धड लोखंडी तोफ नव्हती, तर मराठ्यांनी लाकडं कोरून त्यांना कातडं मढवून तोफा केल्या, असं सांगतात. खानामागून दुसरा सरदार आला, बहादूर खान. त्याच्या नावावर एक नामी हकिकत आहे. मराठ्यांना भुतं वश आहेत, असं त्याला एका मांत्रिकानं पटवलं आणि शंभर तोळे सोन्याचा नाग करवून घेतला. तो नाग हातात धरून स्वतः मांत्रिक पुढं, मागं सगळी फौज, असे ते गड चढू लागले. अर्ध्या वाटेत वरून गोफणीचा धोंडा आला. तो थेट मांत्रिकाच्या छातीत. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे.

ही गोष्ट मला त्या दिवशी नीट कळली, कारण डॉक्टर जीपीएस यंत्र घेऊन पुढं चालले होते आणि मी फौज होतो.

आशेवाडी सुटल्यावर डांबर संपतं आणि गुरांची वाट लागते. डोंगरातल्या सायकलवाल्यांचा जीव जिच्यासाठी तुटतो, ती हीच: हातभर रुंद, मुरमाड, मध्येच दगड, मध्येच करवंदीची जाळी. जगात अशा वाटा खास आखून, फळ्या ठोकून बांधतात. आमच्याकडे शेळ्या बांधतात. शेळीला चढ कुठून सोपा पडतो हे कुठल्याही अभियंत्याहून चांगलं कळतं. पण डॉक्टरांच्या यंत्रात कुणा सायकलपटूनं उन्हाळ्यात नोंदवून ठेवलेला मार्ग होता, आणि यंत्राचं म्हणणं पडलं की शेळ्या चुकतायत, डावीकडे वळा. डावीकडे वळलो तर समोर ताज्या लावणीचा कांदा, ओलं रान, आणि बांधावर कमरेवर हात ठेवलेल्या एक मावशी. त्यांच्या हातात गोफण नव्हती, एवढंच.

“कुठं चालले?”

“मावशी, हा रस्ता आहे ना?” डॉक्टरांनी यंत्र पुढं केलं.

“मे महिन्यात असतो,” मावशी म्हणाल्या. “आता कांदा आहे.”

बांधाबांधानं सायकली खांद्यावर घेऊन निघालो. वजन का कमी ठेवायचं, ते मला तिथं पटलं. मागून डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या दोन बाया आल्या आणि एकमेकींशी सुनेबद्दल बोलत बोलत आम्हाला मागं टाकून गेल्या. तो चढ डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये नोंदलेला आहे. त्यावर त्यांचा क्रमांक चौथा लागतो. त्या दोघींकडे मोबाइल नव्हता म्हणून.

बोरगड मात्र खरोखर पाहण्यासारखा. वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीनं संवर्धन राखीव क्षेत्र असा नवा प्रकार आला आणि २००८ साली महाराष्ट्रातलं तसलं पहिलं क्षेत्र हेच ठरलं. उणंपुरं साडेतीन चौरस किलोमीटर. माथ्यावर हवाई दलाचं ठाणं, त्यामुळे वर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि खालच्या जंगलातही सायकल दामटायची नसते. कडेच्या वाटेनंच जायचं. गावकऱ्यांनी कुऱ्हाड आणि गुरं आवरली, पक्षीप्रेमींनी वर्षानुवर्षं नेट धरला आणि उघडाबोडका डोंगर भरला. बिबट्या दिसेल का, असं डॉक्टरांनी एका गुराख्याला विचारलं. तो म्हणाला, बिबट्या पाहायचा तर तुम्ही नाशिकलाच थांबायला पाहिजे होतं. खरं होतं. सावरकरनगर, गोविंदनगर इथं बिबट्या बंगल्यात शिरला की शहर गच्चीवर जमतं. इथं तो आपला अब्रूनं राहतो.

एका आपट्याखाली आम्ही आडवे झालो. खूप वर काहीतरी मोठं, पंख न हलवता गोल फिरत होतं. डॉक्टर कुजबुजले, गिधाड! ते असेलही, घारही असेल. आडव्या माणसाला पारख राहत नाही. गिधाडं संपत आली ती डायक्लोफिनॅकपायी. गुरांना दिलेलं हे दुखणं मारायचं औषध मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करतं. गुरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली. इकडे हरसूलजवळ खोरीपाड्याला तर वनखात्यानं मेलेली जनावरं आणून टाकायला गिधाडांसाठी उपाहारगृह काढलं. मी हे सांगत असताना डॉक्टर गुडघ्याला मलम चोळत होते. नळीवरचं नाव वाचलं: डायक्लोफिनॅक. म्हणजे आम्ही गिधाडांच्याही उपयोगाचे उरलो नव्हतो.

उतारावर डॉक्टरांच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. त्यांचं टायर ट्यूबलेस, आत चिकाचं औषध. काटा तसाच ठेवला तर चीक गोठून भोक आपोआप बुजतं, हे कंपनीनं लिहिलेलं असतं. पण फाट्यावरच्या पंक्चरवाल्या दादांनी कंपनीचं काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी घमेल्यात पाणी घेतलं, चाक फिरवलं, काटा दिसला, पकडीनं उपटला. पांढरी चिळकांडी थेट त्यांच्या शर्टावर.

“हे काय, रुईचा चीक भरलाय का?” दादा म्हणाले.

तसा तो चीकच. फक्त डबीत मिळतो. ट्यूब टाकू म्हटलं तर या मापाची ट्यूब त्यांच्याकडे नव्हती, आणि हवा भरायचं तोंडही काडीएवढं बारीक, त्यांच्या पंपाला बसेना. माझ्या सायकलचं तोंड मोटारसायकलसारखंच असल्यामुळे त्यांनी माझ्या दोन्ही चाकांत मात्र न सांगता हवा भरून दिली, पैसे घेतले नाहीत.

टोमॅटो घेऊन मार्केटला निघालेली एक पिकअप थांबली. कॅलिफोर्नियातले संस्थापक वर जाताना गाडी वापरत, आम्ही खाली येताना वापरली. परंपरा निम्मी पाळली. ड्रायव्हरनं मागची जागा डोळ्यांनी मोजली. “एका सायकलला चार कॅरेट धरतो.”

“आणि माणसाला?”

“माणसाचं काही नाही. त्याला मार्केटला भाव नाही.”

डॉक्टरांनी घासाघीस करून सायकल तीन कॅरेटवर आणली. स्टँड, कॅरियर, मडगार्ड नसल्याचा तेवढा उपयोग झाला.