वय, अंदाजे

आज्जीची शंभरी साजरी करायची, हे ठरलं पुण्यात. घोळाला सुरुवात तिथूनच. हॉल बघून झाला, केकवर आकडा कसा काढायचा यावरून दोन सुनांचं बिनसूनही झालं, आणि मग कुणाला तरी सुचलं की आज्जीला शंभर वर्षं झालीत का, हे आज्जीलाच विचारावं. फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "वय कशाला पायजे? कुठली योजना निघाली?"

अशी आज्जी काही आमच्या एकट्याच्याच घरात नव्हती. परंड्यापासून उमरग्यापर्यंत, धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. पारापासून तिसऱ्या-चौथ्या घरासमोर बाजेवर एक म्हातारी बसलेली असते. अंगावर नऊवारी, कमरेला चंची, चंचीत पान, सुपारी, कपाटाची किल्ली आणि कधीचं तरी एसटीचं तिकीट. निजामाच्या राज्यात जन्मलेली, बहात्तरचा दुष्काळ काढलेली, भूकंपातून उठलेली. वय विचारलं की ती आकडा सांगत नाही, संकट सांगते. "रझाकारात मी एवढी व्हते," असं म्हणून हात जमिनीपासून वर धरते. हात किती वर, ते त्या दिवशी खांदा किती दुखतोय त्यावर.

आकडा सांगायची वेळ आलीच, तर तो विचारणाऱ्याचं तोंड बघून ठरतो. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट असतं हे कळलं, त्याच आठवड्यात आमची आज्जी पासष्ट वर्षांची झाली. त्याआधी बरीच वर्षं ती पन्नाशीच्या आत-बाहेर करत होती. २०२२च्या ऑगस्टात पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट झाला. तेव्हा कंडक्टरनं नुसतं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं सरकला. याचा तिला भयंकर राग आला. "आधार बघ की! तोंड काय बघलालास?" पुढच्या मार्चात बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा लेकी-सुनांना ती ऐकवायची, "तुमचं अजून अर्धंच हाय. माझं मिटलं सगळं."

खरा पेच पडला २०२४ साली, लाडकी बहीण योजनेच्या वेळी. वयाची अट एकवीस ते पासष्ट, महिन्याला दीड हजार. आज्जी काठी टेकत अंगणवाडीत गेली आणि ताईला म्हणाली, "माझं चौसष्ट लाव." ताई बिचारी हळू आवाजात म्हणाली, "आज्जी, तुमचा थोरला लेकच बहात्तर वर्षांचा आहे."

"त्येला पहिल्यापासनंच घाई."

तर अशा बाईचं वय पुण्यातल्या नातवानं एक्सेलमध्ये काढायला घेतलं. एका रकान्यात तिनं सांगितलेली गोष्ट, दुसऱ्यात साल, तिसऱ्यात तेव्हाचं तिचं वय. आधारवर १ जानेवारी १९३४. आता १ जानेवारी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे: ज्यांचा जन्म कुणी लिहून ठेवला नाही, ते सगळे त्या दिवशी जन्मले. त्यांच्या पोरांना मग मास्तरांनी शाळेत घालताना १ जून लावला. आमच्या थोरल्या काकांचा १ जून १९५२. म्हणजे एका घरात दोन पिढ्यांचे वाढदिवस सरकारनं वाटून दिले.

आज्जीचं माहेर नळदुर्गाच्या बाजूचं, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. १९४८च्या सप्टेंबरात सोलापूरकडून भारताचं लष्कर निजामाच्या राज्यात आलं ते त्याच रस्त्यानं. रणगाडे तिनं बघितले होते. "लोखंडाची घरं चालत गेली," असं सांगायची. ही गोष्ट तिच्याकडं दोन प्रकारे मिळायची. एकीत ती परकरात होती आणि रझाकारांच्या भीतीनं बापानं तिला ज्वारीच्या पेवात उतरवलं होतं. दुसरीत थोरला लेक तिच्या कडेवर होता आणि पेवात तोच रडत होता. दोन्ही गोष्टी तुळजाभवानीची आण घेऊन. नातवानं दोन्ही एक्सेलमध्ये भरल्या, तेव्हा थोरला लेक जन्माच्या चार वर्षं आधी रडलेला निघाला आणि आज्जी आपल्या धाकट्या भावापेक्षा सहा वर्षांनी लहान. नातवानं लॅपटॉप मिटला. तो चांगल्या कंपनीत आहे.

अक्षराशी तिची ओळख नव्हती, पण हिशेब पक्का. निजामाचं नाणं हाली, इंग्रजांचं कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे तिनं बापाच्या मांडीवर बसून पाठ केलेलं. २०१६च्या नोव्हेंबरात एका रात्रीत पाचशेच्या नोटा गेल्या आणि सगळं घर बँकेच्या रांगेत उभं राहिलं, तेव्हा ही पान लावत म्हणाली, "हाली बी अशीच गेली व्हती." मग दोन दिवसांनी मसाल्याच्या डब्याच्या तळातून अकरा नोटा काढून दिल्या. कुठून आल्या, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

१९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला. तो तिनं शेवटपर्यंत वेगळा धरला नाही. "पोरगं येगळं निघालं म्हणून का आडनाव बदलतंय?" जिल्ह्याच्या गावाची मात्र ती दोन्ही नावं वापरायची, आणि तीही शिस्तीत: दवाखान्याला जायचं तर उस्मानाबादला, सोयरीक बघायची तर धाराशिवला. त्यामुळं २०२३ साली नाव बदललं, तेव्हा तिच्या एकटीच्याच तोंडात काही बदललं नाही.

सोयरीक हा तिचा खास प्रांत. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते ठरवलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा तिला तोंडपाठ होती. थापटणं तिच्याकडं नव्हतं, काठी होती. बघायला आलेल्या पोराच्या पाठीवर माया केल्यासारखी ती हळूच काठी टेकवायची. पोरगं दचकलं की कच्चं. न दचकता मोबाइल बघत बसलं, तर तेही कच्चंच. माझ्या लग्नाच्या वेळी तिनं माझ्या सासऱ्यांना काय सांगितलं, ते मला पंधरा वर्षांनी कळलं: "आमचंच मडकं जरा कच्चं हाय. तुमची पोरगी भाजून घेईल."

दुपारची झोप तिला फार प्यारी. तीही नुसती झोप नव्हे, शास्त्राधार असलेली झोप. तुळजापूरची भवानी वर्षात तीनदा पलंगावर निजते: नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. दुपारी तिला कुणी हलवलं की डोळे न उघडता म्हणायची, "देवी निजली तर तुमी पलंग आणता, मी घटकाभर लवंडले तर पोटात दुखतंय तुमच्या."

रात्री मात्र ती घरात झोपायची नाही. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते. आमचं गाव लोहाऱ्याकडचं. सास्तूर फार लांब नाही. दगडामातीच्या भिंती, वर हात-हातभर मातीची माळवदं, खाली माणसं. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, कारण आज्जीनं सगळ्यांना अंगणात काढलं. का काढलं, याच्या तीन हकिकती: शेळ्या ओरडल्या म्हणून, देवीनं खांद्याला धरून हलवलं म्हणून, आणि एकदाच, सगळे झोपल्यावर मला म्हणाली, "तुझा आजा घोरत व्हता. झोप यीना म्हणून बाहीर आले. मग भ्याव वाटलं, म्हणून तुमाला हाक मारली." शेळ्यांची हकिकत ती पाहुण्यांना सांगायची. त्या दिवसात गावागावांत चिता विझत नव्हत्या, एवढंच मी लिहितो. त्या आठवड्याबद्दल तीही बोलायची नाही. पुढं भूकंपाला टिकणारी घरं बांधून मिळाली. इंजिनियरनं भिंतीवर थाप मारून दाखवली. आज्जी म्हणाली, "मग आजची रात तूच नीज आत." बाज तिनं लिंबाखालीच ठेवली, तीस वर्षं.

बहात्तरच्या दुष्काळाचं फार लांबवत नाही, कारण ती लांबवायची. खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी दळली. मुकादम हजेरीत चोरी करतो म्हणून तिनं पदराला रोज एक गाठ मारली आणि पगाराला अख्खा पदर त्याच्यापुढं पसरला. मुकादमाला वाटलं, म्हातारी भीक मागतेय. तेव्हा ती चाळिशीची होती. पण गोष्टीत ती म्हातारीच.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. कर्नाटकातनं आलेला हा सण लातूर-धाराशिवात घरादाराला कुलूप लावून शेतात साजरा होतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुना लावलेले पाच पांडव, पुढं भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. स्वयंपाक सुना करायच्या, आंबिल तिची. आदल्या दिवशी ताकात ज्वारीचं पीठ, लसूण, हिरवी मिरची, जिरं. बिंदगीत भरून तोंडाला फडकं. पहाटे ती करंगळी बुडवायची, जिभेला लावायची आणि डोळे मिटून उभी राहायची. तेवढा वेळ घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. "जमलं" म्हणाली की बिंदगी डोक्यावर चढायची. "न्हाई" म्हणाली तर चूक कोणत्या सुनेची, ते ती आधीच ठरवून ठेवायची.

शेवटची येळवस ३० डिसेंबर २०२४ची. सोमवार होता. ती ट्रॅक्टरमध्ये खुर्ची टाकून शेतात आली, आंबिल चाखली, "मिरची पुण्याची हाय व्हय?" असं विचारलं आणि कोपीच्या सावलीला लवंडली. त्याच आठवड्यात, देवी मोहनिद्रेत असताना, ही दुपारी निजली ती उठली नाही. आम्ही बराच वेळ हाक मारली नाही. सवयच नव्हती.

ग्रामपंचायतीत नोंद करायला गेलो. ग्रामसेवकानं वय विचारलं. पाच माणसांनी पाच आकडे सांगितले. त्यानं पेन खाली ठेवून आधार मागितलं आणि एक्क्याण्णव लिहिलं. आधारप्रमाणे तिचा वाढदिवस नुकताच होऊन गेला होता.

पुण्यातला समारंभ त्याआधी नोव्हेंबरात झाला होता. हॉल मंगळवारी स्वस्त मिळाला. केकवर शंभरच काढलं होतं. तिनं मेणबत्त्या फुंकल्या, सगळ्यांना भरवलं आणि स्वतः एक घासही खाल्ला नाही. केकात अंडं असतं, आणि देवीचा वार होता.