सर्ववाद्यविशारद

स्वातंत्र्याच्या आगेमागे, गिरगाव-दादरच्या चाळींतून आणि पुण्याच्या पेठांतून, दिवेलागणीच्या सुमारास जिने चढताना जे गृहस्थ हमखास भेटत, ज्यांच्या एका काखेत छत्री, दुसऱ्या काखेत खोळीत गुंडाळलेला दिलरुबा आणि कोटाच्या खिशातून डोकावणारी तबल्याची हातोडी असे, त्यांचे आडनाव पेठेगणिक बदलत असले, तरी हुद्दा सर्वत्र एकच होता : मास्तर. ‘पेटी, तबला, दिलरुबा, व्हायोलिन, बासरी, जलतरंग व बुलबुलतरंग घरी येऊन शिकविले जातील’ असा मजकूर त्यांच्या हस्तपत्रकावर असे, आणि खाली थोडी जागा उरली म्हणून ‘गायनही’ असे छापलेले असे.

मास्तरांची सांगीतिक पूर्वपीठिका ही एक स्वतंत्र बखर होती आणि श्रोत्याची योग्यता पाहून तिची पाने कमीअधिक होत. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला असताना आपण त्यांच्यापासून चार हातांवर बसत होतो, हे त्यांचे विधान अक्षरशः खरे असे. ती जागा पिटातली होती आणि मध्ये एक कठडा होता, एवढा तपशील ते कालापव्ययाच्या भीतीने गाळीत. व्हायोलिनची तालीम त्यांना एका गोवेकर शेजाऱ्याकडून मिळालेली. पोर्तुगीज अंमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत, आणि त्यामुळेच मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोवेकरांचा भरणा असे. हा शेजारी वाद्य हनुवटीखाली धरून उभ्याने वाजवी, आपल्याकडचे वादक मांडी घालून त्याचे टोक पावलावर टेकवितात. मास्तरांनी उभय संप्रदायांचा मान राखून, यजमान दारात उभे असेतोवर उभ्याने आणि ते कचेरीचे कागद चाळायला आत गेले की बसून शिकविण्याचा प्रघात पाडला होता. बुलबुलतरंग हे वाद्य 1912 साली जपानातल्या नागोया शहरी निघालेल्या ताइशोगोतोचे वंशज. परंतु मास्तरांनी त्याचे जनकत्व अमीर खुस्रोंना बहाल केले होते, आणि सतार व तबला ज्यांच्या नावावर लोक बिनबोभाट चढवितात त्यांच्या खाती आणखी एक रक्कम जमा झाली म्हणून कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

अशा पुरुषाची समाजाला गरज का भासावी, याचे कारण इतिहासात आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, 1908 साली ते मुंबईस आणले, आणि संगीताला वर्ग, क्रमिक पुस्तके, परीक्षा व प्रमाणपत्रे यांची प्रतिष्ठा देऊन ते मध्यमवर्गाच्या उंबरठ्यावर आणून ठेवले. ज्या विद्येसाठी पूर्वी शिष्याने गुरूच्या घरी पाणी भरावे, ती आता शिष्याच्या घरी येऊन चहा पिऊ लागली. मात्र उंबरठ्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत ती वाहून नेणारा कोणीतरी हवा होता, आणि थोर गवयांचे गुडघे त्या कामी उपयोगाचे नव्हते.

मास्तरांनी पलुस्करांची आणि भातखंड्यांची अशा दोन्ही स्वरलिपी आत्मसात केल्या होत्या; दुर्दैव एवढेच की एकाच वहीत केल्या होत्या. स्वराच्या डोक्यावरचे टिंब पलुस्करांच्या लिपीत मंद्र सप्तक दाखविते आणि भातखंड्यांच्या लिपीत तार सप्तक. सबब मास्तरांच्या वहीवरून वाजविणारी मुले एका ओळीत विहिरीच्या तळाशी, तर दुसऱ्या ओळीत कौलांवर सापडत. कोणी शंका काढलीच, तर “भावनेप्रमाणे घ्यावे,” असा निवाडा मिळे.

परंतु मास्तरांची खरी प्रज्ञा पाहावी ती पेटीवर. पेटीच्या एका सप्तकात सात पट्ट्या पांढऱ्या आणि पाच काळ्या. त्यांपैकी पांढऱ्यांशी मास्तरांनी आयुष्यात फारसा व्यवहार ठेवला नाही. काळी तीनला षड्ज धरून नुसत्या काळ्या पट्ट्यांवर बोटे फिरविली की भूप उमटतो, काळी एकला धरला की दुर्गा, चारला मध्यमाद सारंग, दोनला धानी आणि पाचला धरला तर प्रत्यक्ष मालकंस. पंचायतीतले पाच पंच तेच, सरपंच तेवढा बदलायचा. शास्त्रकारांनी मूर्च्छना म्हणून जे गहन प्रकरण सांगितले आहे, ते मास्तरांनी अशा रीतीने शिकवणीच्या एका तासात बसविले होते, आणि ‘मुलास पाच राग येतात’ हे वाक्य यजमानाच्या मुखातून पाहुण्यांपुढे बाहेर पडेल अशी तजवीज दुसऱ्या महिन्याच्या फीपूर्वीच होत असे.

इतर वाद्येही याच राज्यघटनेखाली नांदत. बासरीवर शुद्ध मध्यमासाठी छिद्र अर्धे झाकावे लागते. भूपात मध्यमच नसल्याने बासरीच्या विद्यार्थ्यांस भूप. जलतरंगाला सप्तकामागे सात वाडगे लागतात. भूपात पाचांवर भागत असल्याने, आणि चिनी मातीचे वाडगे यजमानीणबाईंच्या फडताळातून उसने घ्यायचे असल्याने, तिथेही भूप. वाडग्यात पाणी ओतले की सूर उतरतो आणि काढले की चढतो, एवढे तत्त्व समजावताना सतरंजीवर जे तळे साचे, त्याची जबाबदारी नादशास्त्रावर असे. तबल्याला अर्थातच तीनताल : सोळा मात्रा हाताने मोजताना नवव्या मात्रेला खालीचा हात जो बाजूला जाई, तो थेट चहाच्या कपापर्यंत जाऊन समेच्या आत परत येई, आणि एवढ्या एका बाबतीत मास्तरांची लय कोणाही खाँसाहेबांनी वाखाणावी अशी होती. 1940 साली रेडिओने पेटीला मज्जाव केला, तिच्यावर मींड निघत नाही आणि तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत हा आक्षेप घराघरांत पोचला, तेव्हा ज्यांच्या पोटावर पाय आला असे वाटावे त्या मास्तरांनी, “हे मी पूर्वीच म्हणत होतो,” असे जाहीर करून दिलरुब्याची फी आठ आण्यांनी वाढविली. दिलरुब्यावरही भूपच शिकवीत, पण मींडेसह.

हे सर्व वाचून मास्तरांस कोणी भोंदू म्हणेल, तर तो अन्याय होईल. आपल्या मुलखाची सरहद्द त्यांना तलाठ्याइतकी नेमकी ठाऊक होती. वर्षा-दोन वर्षांत एखाद्या घरी एखादी परकरी मुलगी अशी निघे, की रेडिओवर ऐकलेली चीज एकटीच पेटीवर शोधता शोधता भूपाच्या काळ्या पट्ट्यांतून तिचे बोट दोन पांढऱ्या पट्ट्यांवर घसरे, एकीवर तीव्र मध्यम सापडे, दुसरीवर निषाद, आणि खोलीत अकस्मात यमन उभा राही. मास्तर ते ऐकून घेत, भाता लावून ठेवीत आणि तिच्या वडिलांस बाजूला नेऊन म्हणत, “आबासाहेब, मुलगी पांढऱ्यावर गेली. माझा अंमल काळ्यापुरता.”

लगेच येत्या रविवारी ते स्वतः तिला जवळच्या खऱ्याखुऱ्या गवईबुवांकडे घेऊन जात, तिला काय येते आणि, विशेष म्हणजे, आपण चुकीचे काय शिकविले आहे याची कैफियत खालच्या आवाजात देत, हस्तांतराचा महिना पुरा धरावा या न्यायाने फी संपूर्ण वसूल करीत, आणि सोमवारी त्याच घरी, त्याच सतरंजीवर, तिच्या धाकट्या भावाचे बोट धरून काळी तीनवर ठेवीत. त्या बुवांच्या शिष्यपरिवारातली निम्मी मंडळी याच वाटेने आलेली असत; बुवा मात्र मास्तरांस शेवटपर्यंत पेटीदुरुस्तीवाले समजत, आणि आले की सुरांतली धूळ झाडून घेत.